प्राध्यापक, पति आणि पिता : धन्य फ्रेडरिक ओझानम

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सप्ताहांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या सभेपुढें दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त या सप्ताहांत आपण पुष्कळ ऐकलें. देवळाचा पाया कोणीं खणला, चिरे कोठून आणले, पहिली घंटा कोणाच्या देणगीची, हें सर्व वडीलधाऱ्या मंडळींनीं मोठ्या प्रेमानें सांगितलें, आणि तें सांगणें योग्यच होतें. आजचा दिवस संस्थेच्या बंधूंनीं गोरगरिबांच्या सेवेसाठीं राखून ठेविला आहे व आपल्या संस्थापकाविषयीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली आहे. ती आम्ही आनंदानें मान्य केली. त्यास एक कारण आहे, आणि तें आमच्या मोठेपणाचें नाहीं.

वीसएक वर्षांपूर्वीं आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामांत होतों. तेथील एक शिक्षक याच संस्थेचे अत्यंत उत्साही सभासद होते. शाळा सुटली कीं हे गृहस्थ कोणा आजाऱ्याकडे, कोणा विधवेच्या घरीं, कोणाच्या भांडणांत मध्यस्थी करावयास जात, ते रात्रींच घरीं परतत. आम्ही प्रवचनांतून त्यांचें कौतुक करीत असूं. एके दिवशीं त्यांची पत्नी आमच्याकडे आली आणि म्हणाली, "फादर, हे साऱ्या गांवाचीं दारें ठोठावतात. माझें दार कोणीं ठोठवायचें?" आम्ही तिला म्हणालों, "बाई, हें देवाचें काम आहे. तुम्हीं थोडा त्याग केला पाहिजे." ती कांहीं न बोलतां उठून गेली. आमचें उत्तर चुकलें, हें आम्हांस त्याच रात्रीं कळलें. पण बरोबर उत्तर कोणतें, हें पुष्कळ वर्षें कळलें नाहीं. पुढें ओझानम यांचें चरित्र लक्षपूर्वक वाचलें, तेव्हां तें सांपडलें. म्हणून आज संस्थापक ओझानम यांच्यापेक्षां प्राध्यापक व कुटुंबवत्सल ओझानम यांच्याविषयींच आम्ही अधिक बोलणार आहों.

फ्रेडरिक ओझानम यांचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजीं इटलींतील मिलान शहरीं झाला. आईबाप फ्रेंच होते. वडील पूर्वीं नेपोलियनच्या सैन्यांत होते. पुढें वैद्यकीचा अभ्यास करून ते डॉक्टर झाले. आई लियों शहरांतील एका रेशीम-व्यापाऱ्याची कन्या. १८१६ सालीं हें कुटुंब लियोंस परत आलें. या दांपत्यास चौदा मुलें झालीं, त्यांपैकीं बहुतेक लहानपणींच गेलीं. ज्या घरानें आपल्याच लेकरांना इतक्या वेळां मूठमाती दिली, त्या घराला परक्याचें दुःख समजावून सांगावें लागत नाहीं. डॉक्टर पुष्कळ रोग्यांना फुकट तपासीत. आई गरिबांच्या घरीं शुश्रूषेस जाई. उतारवयांत दोघांनाही जिने चढवेनात, तेव्हां चौथ्या मजल्याच्या वर जावयाचें नाहीं, असें त्यांनीं एकमेकांस वचन दिलें. आणि एके दिवशीं दोघेंही एकमेकांना चोरून त्याहून वर चढलीं असतां जिन्यांतच त्यांची गांठ पडली, अशी गोष्ट चरित्रकार सांगतात. आपण हंसतों, पण मे १८३७ मध्यें डॉक्टर ओझानम एका गरीब रोग्यास पाहावयास गेले असतां जिन्यावरून पडून मरण पावले, हें कळलें म्हणजे हंसतां हंसतां डोळे ओले होतात. फ्रेडरिक यांना गरिबांच्या दाराची वाट प्रथम आईबापांनीं दाखविली, हें आपण ध्यानांत ठेवूं.

पंधरासोळाव्या वर्षीं या मुलास श्रद्धेविषयीं घोर संशयानें ग्रासलें. कॉलेजांत गेल्यापासून ज्यांचीं मुलें देवळांत येईनाशीं झालीं आहेत, अशा मातापित्यांनीं हें अवश्य ऐकावें. त्यांचे तत्त्वज्ञानाचे शिक्षक आबे न्वारो हे धर्मगुरु होते. त्यांनीं मुलास दटावलें नाहीं. ते त्याला बरोबर घेऊन शहराबाहेर लांब फिरावयास जात व त्याचा प्रत्येक प्रश्न शांतपणें ऐकून घेत. संशय हळूहळू निवळला. सत्याचा प्रकाश दिसला तर सारें आयुष्य त्याच्या सेवेंत घालवीन, असें त्या अंधारांत केलेलें व्रत मात्र जन्मभर टिकलें.

१८३१ सालीं कायद्याच्या अभ्यासासाठीं ते पॅरिसला आले आणि कांहीं काळ थोर शास्त्रज्ञ आंद्रे-मारी आंपेर यांच्या घरीं राहिले. विजेचा प्रवाह मोजण्याच्या 'अँपिअर' या मापास यांचेंच नांव दिलेलें आहे. एकदां मन उदास असतां फ्रेडरिक एका देवळांत शिरले, तों एका कोपऱ्यांत हे जगद्विख्यात पंडित गुडघे टेकून जपमाळ म्हणत असलेले दिसले, असें सांगतात. विद्या आणि भक्ति एकाच माणसाच्या ठायीं सुखानें नांदतात, हा धडा त्या तरुणास एकही शब्द न ऐकतां मिळाला.

त्या काळीं पॅरिसच्या विद्यापीठांत धर्माची टवाळी ही विद्वत्तेची खूण मानली जाई. ओझानम व त्यांचे मित्र एका वादसभेंत ख्रिस्तसभेची बाजू हिरिरीनें मांडीत. तेथें एकदां प्रतिपक्षाच्या तरुणांनीं विचारलें कीं, तुमच्या धर्मानें पूर्वीं मोठीं कृत्यें केलीं हें आम्हांस मान्य आहे; पण आज तुम्ही काय करीत आहां? प्रश्न मनाला झोंबला, कारण तो खरा होता. २३ एप्रिल १८३३ रोजीं, ओझानम यांच्या विसाव्या वाढदिवशीं, सहा विद्यार्थी व त्यांचे वडीलधारे स्नेही एमानुएल बायी असे सात जण एकत्र जमले. हीच आपल्या संस्थेची पहिली सभा. गरिबांच्या वस्तींत राबणाऱ्या सिस्टर रोझाली यांनीं त्यांना घरें दाखविलीं, भाकरीच्या चिठ्या दिल्या आणि गरिबाच्या घरीं गेल्यावर कसें वागावें, हेंही शिकविलें. ओझानम व त्यांचा एक मित्र यांनीं हिंवाळ्यासाठीं सांठविलेलें आपल्याजवळचें उरलेलें जळाऊ लांकूड स्वतः उचलून एका गरिबाच्या घरीं नेऊन दिलें.

इथपर्यंतचा इतिहास संस्थेच्या बंधूंना पाठ आहे. दर वर्षीं आपण तो सांगतों आणि बहुधा येथेंच थांबतों. परंतु विशीच्या उमेदींत जळण वाहून नेणें एक, आणि नोकरी, बायको, मूल व आजारपण हीं सर्व पाठीशीं असतां तेंच व्रत वीस वर्षें पाळणें दुसरें. आपणांपैकीं बहुतेक जण त्या दुसऱ्या वाटेचे वाटसरू आहेत. म्हणून पुढची हकीकत विशेषेंकरून आपली आहे.

१८३६ मध्यें ओझानम कायद्याचे डॉक्टर झाले. १८३९ मध्यें इटलीचा महाकवि दान्ते याच्यावरील प्रबंधानें त्यांनीं साहित्याचीही डॉक्टर ही पदवी मिळविली. त्याच वर्षीं लियों येथें व्यापारी कायद्याचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या रुक्ष विषयांतही त्यांनीं मजुराचें वेतन व त्याची प्रतिष्ठा यांचा विचार आणिला. पोप तेरावे लिओ यांचें मजुरांविषयींचें सुप्रसिद्ध परिपत्र त्यानंतर पन्नासएक वर्षांनीं, १८९१ मध्यें निघालें. पुढें १८४० मध्यें पॅरिसला झालेल्या स्पर्धा-परीक्षेंत ओझानम पहिले आले. लियोंचें निश्चित व अधिक उत्पन्न सोडून त्यांनीं सोर्बोन विद्यापीठांत परकीय साहित्याच्या प्राध्यापकाच्या हाताखालचें स्थान पत्करिलें; १८४४ मध्यें ते प्राध्यापक, फोरिएल, वारल्यावर ओझानम त्यांच्या जागीं आले.

ते जन्मजात वक्ते नव्हते. स्वभाव भिडस्त, प्रकृति नाजूक. प्रत्येक व्याख्यानासाठीं ते फार कष्टानें तयारी करीत, आणि वर्गांत जाण्यापूर्वीं गुडघे टेकून प्रार्थना करीत. आरंभीं चेहरा फिका पडे, शब्द अडखळत; मग विषयांत शिरले म्हणजे ऐकणारे वेळ विसरत. तास संपल्यावर विद्यार्थी बोलत बोलत लक्सेंबुर्ग बागेंतून त्यांना घरापर्यंत सोबत करीत. गरीब विद्यार्थ्यांना त्यांचें दार सदैव उघडें असे. शिकविण्याच्या कामांत कसूर ठेवून वर धर्मकार्याचें पुण्य जोडावें, ही कल्पना त्यांच्या मनाला कधीं शिवली नाहीं. उत्तम तयार केलेला पाठ हीच त्यांची पहिली दानधर्माची पेटी होती.

एकदां कोणीं टवाळानें त्यांच्या वर्गाच्या दारावर लाविलेल्या पत्रकांत 'साहित्य' हा शब्द खोडून तेथें 'धर्मशास्त्र' असा शब्द लिहिला. ओझानम यांनीं आपलें व्याख्यान नेहमींप्रमाणें पूर्ण केलें आणि शेवटीं शांतपणें सांगितलें कीं, धर्मशास्त्री होण्याचा मान आम्हांस नाहीं. पण श्रद्धा बाळगण्याचें सुख आहे, आणि सर्व शक्ति सत्याच्या सेवेस लावण्याची इच्छा आहे. विद्यार्थ्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. पूर्वपक्षास दुखविलें नाहीं, आणि स्वपक्ष लपविलाही नाहीं.

आतां त्यांच्या घरांत जाऊं. आपण संन्यस्त व्हावें कीं गृहस्थाश्रम पत्करावा, या विचारानें ओझानम पुष्कळ दिवस व्याकुळ होते. डॉमिनिकन संघाचे प्रख्यात वक्ते लाकोर्देर यांचा ओढा त्यांना मोठा होता. परंतु एके दिवशीं लियोंच्या शिक्षणखात्याचे प्रमुख सुलाक्रुआ यांच्या घरीं गेले असतां, त्यांची कन्या अमेली ही आपल्या आजारी भावाची सेवा करीत बसलेली त्यांनीं पाहिली, आणि मनाचा निर्णय झाला. २३ जून १८४१ रोजीं लियों येथें त्यांचा विवाह झाला. त्यांचे थोरले बंधु आल्फोंस हे धर्मगुरु होते, त्यांनींच आशीर्वाद दिला. लाकोर्देर मात्र हळहळले आणि ओझानम एका सांपळ्यांत सांपडले असें म्हणाले. हें पोप नववे पायस यांच्या कानीं गेलें, तेव्हां ते हंसून म्हणाले कीं, प्रभूनें सात संस्कार स्थापिले असें आम्ही समजत होतों; सहा संस्कार आणि एक सांपळा, हें आम्हांस आजच कळलें! ही आख्यायिका आम्ही सेमिनरींत ऐकली तेव्हां नुसते हंसलों होतों. तींत आम्हां धर्मगुरूंसाठींच बोध आहे, हें पुढें कळलें.

विवाह तेवीस तारखेस झाला, म्हणून दर महिन्याच्या तेवीस तारखेस ओझानम पत्नीला फुलें देत. एक वर्ष नव्हे, दोन वर्षें नव्हे; बारा वर्षें हा नेम चालला. मरणापूर्वींच्या ऑगस्ट महिन्यांत, परमुलखीं आजारी असतांनाही, तो चुकला नाहीं. फुलांची किंमत ती किती! पण ज्या माणसाच्या मागें शेंकडों विद्यार्थी, परीक्षा, ग्रंथलेखन आणि गरिबांचीं घरें होतीं, त्याच्या आठवणींतून ती तारीख कधीं गळली नाहीं.

दुसरी गोष्ट नववर्षदिनाची. त्यांच्या ओळखीच्या एका गरीब कुटुंबानें अडचणींत आपलें खणांचें जुनें कपाट गहाण टाकिलें होतें. पूर्वींच्या बऱ्या दिवसांची तेवढी एकच खूण त्या घरांत उरलेली होती. तें सोडवून नववर्षाची भेट म्हणून द्यावें, असें ओझानम यांच्या मनांत आलें. अमेलीनें विचारपूर्वक कांहीं अडचणी सांगितल्या; त्यांना पटल्या; बेत राहिला. संध्याकाळीं भेटीगांठी आटोपून ते घरीं आले. लहानग्या मुलीभोंवतीं खेळणीं पसरलीं होतीं, खाऊ आला होता; पण त्यांनीं कशास हात लाविला नाहीं. पत्नीनें कारण विचारलें. ते म्हणाले कीं, इतक्या थोड्या पैशांत तें कपाट सुटलें असतें, हाच विचार मनांतून जात नाहीं. तेव्हां अमेलीनेंच त्यांना आग्रह करून पाठविलें. ते तसेच गेले, कपाट सोडवून त्या घरीं पोंचविलें, आणि आनंदानें परत आले.

बंधुभगिनींनो, या गोष्टींत थोर कोण? पतीनें पत्नीचें ऐकून घेतलें. आपल्या पुण्याचा हट्ट तिच्यावर लादला नाहीं. पत्नीनें पतीचें मन ओळखलें आणि स्वतः त्याला गरिबाच्या दाराकडे धाडलें. दान एकाचें दिसतें, पण तें त्या घरानें मिळून केलें. आमच्या त्या भगिनीला द्यावयाचें उत्तर आम्हांस या ठिकाणीं सांपडलें. आम्ही तिच्या पतीला देवाच्या कामासाठीं घेतलें. पण ज्या घरांतून घेतलें, त्या घरास एका शब्दानेंही विचारलें नाहीं. देवाच्या कामांत तिला भाग द्यावयाचा सोडून आम्ही तिच्यावर फक्त त्याग सोंपविला.

२४ जुलै १८४५ रोजीं ओझानम यांना कन्या झाली. आपल्या आईची आठवण म्हणून त्यांनीं तिचें नांव मारी ठेविलें. तिचें शिक्षण आपण लवकर सुरू करूं, आणि ती आपलें शिक्षण सुरू करील, असें त्यांनीं तेव्हां एका मित्रास कळविलें. सोर्बोनचा प्राध्यापक पाळण्यापुढें विद्यार्थी होऊन बसला.

१८४८ च्या जून महिन्यांत पॅरिसच्या रस्त्यांत बंड उसळलें; उपाशी मजूर आणि सरकारी सैन्य समोरासमोर उभें ठाकलें. ओझानम नागरिक-रक्षकदलांत पहाऱ्यावर होते. मित्रांसह त्यांनीं आर्चबिशप आफ्र यांची भेट घेऊन मध्यस्थी करण्याची विनंती केली. आर्चबिशप शांततेचा शब्द घेऊन बंडवाल्यांच्या अडथळ्यांपाशीं गेले, २५ जून रोजीं त्यांना गोळी लागली आणि २७ रोजीं ते निवर्तले. हा घाव ओझानम यांच्या जिव्हारीं बसला. त्यांनीं लेखणी हातीं घेतली आणि श्रीमंतांना बजाविलें कीं, बंड मोडलें तरी त्यामागचें दारिद्र्य जसेंच्या तसें उभें आहे.

अशा श्रमांनीं प्रकृति ढांसळली. १८५२ च्या वसंतांत ते तापानें अंथरुणास खिळले होते. इकडे सोर्बोनमध्यें प्राध्यापक तास घेत नाहींत, म्हणून विद्यार्थी गलका करीत होते. तें त्यांच्या कानीं आलें. पत्नी व मित्र नको नको म्हणत असतां ते उठले, पोशाख केला आणि वर्गांत जाऊन उभे राहिले. प्रेतासारखा तो पांढरा चेहरा पाहून विद्यार्थी ओशाळले. माझें आयुष्य तुमचेंच आहे, तुमच्या सेवेंत मरण आलें तरी चालेल, अशा अर्थाचें बोलून त्यांनीं शिकवावयास आरंभ केला. तें त्यांचें शेवटचें व्याख्यान.

हवापालटासाठीं ते कुटुंबासह प्रथम दक्षिण फ्रान्समध्यें व नंतर इटलींत गेले. २३ एप्रिल १८५३ रोजीं, चाळिसाव्या वाढदिवशीं, पिसा शहरीं त्यांनीं आपलें मन देवापुढें कागदावर उघडें केलें. तरुण पत्नी, लाडकी मुलगी, अर्धवट राहिलेले ग्रंथ, सर्व डोळ्यांपुढें होतें. प्रथम त्यांनीं, आपण सारेच करतों तसा, देवाशीं थोडा सौदा केला: अर्धे ग्रंथ विकून पैसा गरिबांना देईन, उरलेलें आयुष्य दीनांच्या सेवेंत आणि मुलीच्या शिक्षणांत घालवीन, इतकें पुरे होईल का? आणि मग स्वतःच उत्तर दिलें कीं, देवाला माझ्या वस्तु नकोत, मीच हवा आहें; प्रभो, मी येतों. अशी प्रार्थना करतांना त्या पित्याच्या काळजाचें काय झालें असेल, तें लेकुरवाळ्या माणसांनाच कळेल. आम्ही तेथें फक्त मस्तक लववूं शकतों.

८ सप्टेंबर १८५३ रोजीं, ज्या दिवशीं आपण पवित्र मरीयेचा जन्मोत्सव साजरा करतों, त्याच दिवशीं मार्सेय बंदरीं पत्नी व भाऊ जवळ असतां त्यांनीं देह ठेविला. मुलगी आठ वर्षांची होती. अमेलीनें तिला वाढविलें, पतीचीं पत्रें जिवापाड सांभाळलीं आणि १८९४ मध्यें ती निवर्तली. २२ ऑगस्ट १९९७ रोजीं पॅरिसच्या नोत्र-दाम महामंदिरांत पोप दुसरे जॉन पॉल यांनीं ओझानम यांना 'धन्य' म्हणून घोषित केलें. जगभरचे तरुण युवादिनासाठीं तेव्हां त्या शहरांत जमले होते. सात जणांची ती सभा आज सुमारें दीडशें देशांत पसरली आहे.

आतां दोन शब्द आपल्याविषयीं. आज तुम्ही काय करीत आहां, हा जुना प्रश्न सुवर्णमहोत्सवाच्या मंडपांतही कोणीतरी विचारणारच. त्याला देवळाच्या चिऱ्यांकडे बोट दाखवून उत्तर देतां येणार नाहीं. शिक्षकांनीं आपला पाठ मन लावून तयार करावा. पतीनें आपली तेवीस तारीख विसरूं नये. संस्थेच्या बंधूंनीं ज्या घराची जबाबदारी घ्यावयाची, त्याविषयीं प्रथम स्वतःच्या घरीं बसून बोलावें. पत्नीचा विचार घ्यावा, मुलांना ठाऊक असूं द्यावें, आणि शक्य तेव्हां त्यांनाही बरोबर न्यावें. आणि धर्मगुरूंनीं एखाद्या बंधूची स्तुति करण्यापूर्वीं त्याच्या घरीं एकदां जाऊन यावें.

ज्या भगिनीनें आम्हांस तो प्रश्न विचारला, तिची क्षमा मागण्याची संधि आम्हांस मिळाली नाहीं. आमची बदली झाली, आणि कांहीं वर्षांनीं ती देवाघरीं गेल्याचें कळलें. ती क्षमा आज आम्ही आपणां सर्वांसमक्ष मागतों. आपणांपैकीं कोणा भगिनीच्या मनांत तोच प्रश्न असेल, तर तिनें तो निःसंकोच आमच्याकडे आणावा. यापुढें आम्ही तिला त्यागाचा उपदेश करून परत पाठविणार नाहीं.

धन्य फ्रेडरिक ओझानम यांच्या मध्यस्थीनें प्रभु आपल्या शाळा, आपलीं घरें आणि आपल्या गोरगरिबांचीं दारें एकाच प्रीतीनें जोडो, हीच प्रार्थना. आमेन.